ताई, मान झुलवणाऱ्या तुमच्या त्या नरासाठी आणि बाकी सगळ्यासाठी थँक यू

ताई,

फोनवर आभार मानायला गेले की तुम्ही विषय बदलता, "ते राहू दे, पिल्लू खातंय का ते सांग" म्हणता, म्हणून आता लिहूनच टाकते. आणि सगळ्यांसमोर लिहिते, कारण ज्यांनी मला उडवून लावलं त्यांनीही ते सगळ्यांसमोरच केलं होतं.

खातंय. रोज खातंय. शेपटी भरायला लागलीये, म्हणजे आता साठा होतोय अंगात.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. माझ्याकडे लेपर्ड गेको आहेत. (हो, पालीच. पण भिंतीवर चढत नाहीत आणि यांना पापण्या असतात, डोळे मिटून झोपतात, त्यामुळे "शी पाली" म्हणणाऱ्यांनी एकदा झोपलेला गेको बघावा.) मला पॅटर्नचा नाद आहे, कुठल्या जोडीतून काय येतं हे बघायचा. तर मी एक मादी घेतली. विकणाऱ्याने सांगितलं रेअर स्पेकल्ड लाइन आहे, शिवाय ट्रेम्पर अल्बिनोसाठी (काळा रंग नसलेला एक प्रकार) हेट, म्हणजे तो जीन अंगात लपलेला, गॅरंटी. माझा नर ट्रेम्पर अल्बिनो, म्हणजे हिशोबाने निम्मी पिल्लं अल्बिनो यायला हवीत. मादी दिसायला सुंदरच होती, पांढुरकी शेपटी आणि पाठीवर शाई शिंपडल्यासारखे बारीक ठिपके.

क्लचमागून क्लच आले, प्रत्येक वेळी दोन अंडी, आणि अल्बिनो एकही नाही. त्याऐवजी काही पिल्लं नेहमीच्या काळ्या-पिवळ्या पट्ट्यांची (लेपर्ड गेकोचं साधं पिल्लू पट्टे घेऊनच अंड्यातून येतं, ठिपके मोठं होताना होतात) आणि काही जन्मतःच बिनपट्ट्यांची, डागडागांची. मी तर खूश. अल्बिनो नाही तर नाही, नवीन काहीतरी मिळालं. मग त्या डागाळलेल्यांपैकी एक पिल्लू गोल फिरायला लागलं. डावीकडे, एकाच जागी, आणि थांबलं की हनुवटी वर करून टबच्या झाकणाकडे बघत राहायचं. अळी समोर टाकली की झेप घ्यायचं आणि अळीच्या बाजूचा टिशू पेपर चावायचं. परत झेप, परत टिशू.

विकणाऱ्याला व्हिडिओ पाठवला. उत्तर काय, तर "इन्क्युबेटर गंडलाय तुमचा". अल्बिनो का नाही आले? इन्क्युबेटर. पिल्लू गोल का फिरतंय? इन्क्युबेटर. अजून विचारलं तर ब्लॉक. बाकीच्या जाणकारांनी काय केलं, तर टेंपरेचर विचारलं, मी सांगितलं, आणि मग सुरू झाले की जमत नसेल तर ब्रीडिंगच्या भानगडीत पडायचं कशाला, मुक्या जिवांचे हाल. एकाने "पिल्लू संपवून टाका, मोकळे व्हा" असंही लिहिलं, खाली हसणारा इमोजी. तो इमोजी मी विसरणार नाहीये. एका डॉक्टरांनी फोटो बघून कॅल्शियम कमी आहे म्हणून सांगितलं, हातात घेऊन न बघताच, पण निदान ते हसले तरी नाहीत.

आणि गंमत म्हणजे इन्क्युबेटरची थाप अर्धी खरी असते म्हणूनच ती खपते. गेकोच्या अंड्यात नर की मादी हे तापमानच ठरवतं, २६-२७ अंशाला बहुतेक माद्या, ३२-३३ च्या आसपास बहुतेक नर. रंगसुद्धा थोडा हलतो, ऊब जास्त असली तर पिल्लू उजळ निघतं आणि गार ठेवलं तर गडद. त्यामुळे नवीन माणसाला वाटतं की असेल बाबा, आपलंच काहीतरी चुकलं असेल. मी रात्र रात्र थर्मामीटर बघत बसायचे. तो बरोबरच होता, मग दुसरा आणला, तोही तेवढंच दाखवायचा.

तेव्हा तुमचा मेसेज आला. ओळख ना पाळख. "जबडा कडक आहे का मऊ? पाय सरळ टाकतं का? चालताना पोट उचलतं का?" एवढंच. सल्ला नाही, टोमणा नाही. मी सांगितलं जबडा कडक आहे, पाय सरळ आहेत. मग तुम्ही लिहिलंत, "मग कॅल्शियम नाही. आईचा फोटो पाठव." आईचा! तोपर्यंत सगळे पिल्लाकडे आणि माझ्याकडे बघत होते, आईकडे कोणीच बघितलं नव्हतं. फोटो बघून तुम्ही थेट व्हिडिओ कॉल केलात आणि म्हणालात, ही एनिग्मा नावाच्या पॅटर्नची आहे, स्पेकल्ड लाइन वगैरे काही नाही.

पुढचं सगळं तुम्ही समजावलंत ते इथे सगळं लिहीत बसत नाही. मुद्द्याचं एवढंच की एनिग्मा डॉमिनंट आहे, आई-बापापैकी एकात असला तरी साधारण निम्म्या पिल्लांत उतरतो, आणि त्या पॅटर्नसोबत तोल जाण्याचा आजारही येतो. कोणाला नुसती मान कलती राहण्यापुरता, कोणाला खाताही येणार नाही इतका. माझी मादी लाइट लागला की मान थोडी वाकडी करायची. मला ते गोड वाटायचं, हाक मारल्यावर बघते असं वाटायचं. अल्बिनोचंही तुम्हीच उलगडलंत, की ट्रेम्पर, रेनवॉटर आणि बेल या तीन वेगवेगळ्या लाइन आहेत, तीन वेगळे जीन, दिसायला थोडंफार सारखं पण एकमेकांशी जुळत नाहीत. एकातला दुसऱ्याशी लावला की पिल्लं साधी दिसणार आणि दोन्हींचा हेट पोटात घेऊन फिरणार. माझी मादी हेट असलीच तर दुसऱ्या लाइनची असणार, किंवा कशाचीच नसणार. आणि यातलं काहीही इन्क्युबेटर करू शकत नाही.

पण ताई, माझ्या डोक्यात राहिलंय ते हे नाही. ही माहिती शोधली असती तर आज ना उद्या मिळालीही असती.

राहिलाय तो तुमचा नर. बोलता बोलता तुम्ही म्हणालात, थांब, याची खायची वेळ झाली, आणि फोन कशाला तरी टेकवून ठेवलात. टबमध्ये मोठा देखणा गेको, जाड शेपटीचा, आणि त्याची मान सारखी डावी-उजवी झुलतेय. तुम्ही चिमट्यात अळी धरलीत आणि त्याच्या तोंडासमोर नेऊन नुसती धरून ठेवलीत. हलवली नाहीत, तोंडाला लावली नाहीत. त्याने झेप घेतली ती हवेत गेली. तुम्ही चिमटा तसूभरही हलवला नाहीत. परत हुकला, डोकं वर गेलं, जागेवर एक गिरकी मारली. आणि हे होत असताना तुम्ही माझ्याशी बोलताय, माझ्या पिल्लाबद्दल, शांतपणे, दोन्ही डोळे त्याच्यावर. मग एका क्षणी त्याची मान थांबली, अगदी जरा वेळ, आणि बरोबर तेवढ्यात त्याने अळी पकडली, पापण्या मिटल्या, चावली. तुम्ही म्हणालात, "हां. त्याचा तो थांबतो. आपण घाई केली की जास्त हलतो." आणि दुसरी अळी घेतलीत.

मी इकडे रडत होते, तुम्हाला दिसलं नसेल, लाइट माझ्या मागे होता.

हा नर तुम्ही ब्रीडिंगमधून कधीच काढलाय हे मी विचारल्यावर कळलं, स्वतःहून तुम्ही काही बोलला नाहीत. तुमच्या रजिस्टरच्या पानाचा फोटो पाठवलात त्यात त्याच्या नावापुढे "गोल फिरतो, जोडी लावायची नाही" असं लिहिलंय आणि खाली त्याच्या सगळ्या पिल्लांची यादी, कुठलं कोणाकडे गेलं, आणि प्रत्येकापुढे "कळवलं" अशी खूण. प्रत्येकापुढे! स्वतः फोन करून सांगितलंत लोकांना की मी दिलेल्या जनावरात हा दोष असू शकतो. इकडे आमचे महाशय ब्लॉक करून मोकळे.

लेमन फ्रॉस्ट नावाच्या रंगाचंही तेच. त्या पांढुरक्या-पिवळ्या रंगासाठी लोक वेडे झाले होते आणि मागाल ती किंमत मिळत होती. अंगावर गाठी दिसायला लागल्या तेव्हा तुम्ही ती लाइन बंद केलीत, आणि ते २०२१ मध्ये संशोधकांनी त्या रंगाचा आणि त्वचेच्या गाठींचा संबंध एकाच जीनशी दाखवायच्या आधी. त्यात ८० टक्क्यांहून जास्त लेमन फ्रॉस्टना गाठी होतात असं निघालं. तुमच्याकडे तेव्हा रिसर्च पेपर नव्हता, डोळे होते फक्त. ज्यांच्याकडे पेपर येऊनही डोळे उघडले नाहीत ते अजून विकतायत, नाव बदलून.

मला कोणी विचारलं की चांगला ब्रीडर कसा ओळखायचा तर मी आता मॉर्फ (म्हणजे रंग-पॅटर्नचा प्रकार) विचारत नाही. तुझ्याकडे न विकता ठेवलेलं जनावर कुठलं आहे ते दाखव म्हणते. बहुतेक जण गोंधळतात. एकाने टबांची अख्खी रांग दाखवली, सगळे फॉर सेल.

असो. माझ्या मादीची जोडी आता लावत नाही, ती एकटी मजेत आहे आणि मान वाकडी करून बघते अजून. पट्टेवाली पिल्लं ज्यांना दिली त्यांना मी लिहून दिलंय, आई एनिग्मा, हेट काय आहे माहीत नाही, ब्रीडिंगसाठी घेऊ नका. एकाने हे वाचल्यावर पिल्लू नको म्हटलं, बाकीच्यांनी घेतली. आणि गोल फिरणाऱ्याला मी चिमट्याने भरवते, चिमटा न हलवता, सुरुवातीला हात दुखायचा.

आता एक मागणं आहे. त्या नराच्या खाण्याचा व्हिडिओ तुम्ही नंतर मला पाठवला होतात, तो एनिग्मा घ्यायला निघालेल्या प्रत्येकाला दाखवायचाय मला, पैसे देण्याआधी. तुमचा आवाज काढून टाकते हवं तर, चेहरा त्यात नाहीच. फक्त "हो" म्हणा. आणि विषय बदलू नका.