जाणिवेचा शोध केवळ मेंदूत नको

महोदय,
बेशुद्धीविषयीच्या चर्चेत सारे लक्ष मेंदूच्या विद्युत आलेखावरच (ईईजी) राहते, हे अपुरे वाटते. पॅरिसमधील संशोधक कॅथरीन टॅलोन-बॉड्री यांच्या गटाने २०१४ मध्ये दाखवले, की हृदयाच्या ठोक्याला मेंदू जो क्षीण प्रतिसाद देतो, त्याच्या चढउतारावरून समोरची अंधूक आकृती त्या व्यक्तीला दिसेल की नाही, याचा काहीसा अंदाज आधीच बांधता येतो. जठराची मिनिटाला साधारण ३ आवर्तनांची लयही (ती पोट रिकामे असतानाही चालू असते!) मेंदूतील अल्फा लहरींशी (जागेपणी शांत असताना ठळक दिसणाऱ्या विद्युत लहरींशी) निगडित आढळली आहे. सहसंबंध म्हणजे कारण नव्हे, त्यामुळे ‘जाणिवेचे कोडे सुटले’ असे मथळे टाळावेत. मात्र प्रतिसादहीन रुग्ण तपासताना हृदयाचा आलेखही मेंदूच्या आलेखाशी जुळवून पाहावा. अतिदक्षता विभागात हृदयाचा आलेख एरवीही चालूच असतो.

— एक वाचक, मिरज