फाटक गेलं, त्यानंतरचं पिंप्राळा

पिंप्राळा, जळगाव
१२ जुलै २०२५

प्रिय आबा,
सप्रेम नमस्कार.

तुझा फोन आला तेव्हा मी गिरणीत उभा होतो. पट्ट्याच्या आवाजात अर्धं ऐकू आलं, अर्धं नाही. एवढं कळलं की दलालाने तुला इथल्या घराचा भाव सांगितलाय, आणि वहिनी म्हणतात, विकून मोकळे होऊ. असल्या गोष्टी फोनवर बोलण्याच्या नाहीत, म्हणून लिहायला बसलो. लांबेल. चहा घेऊन वाच.

आधी रेल्वेच्या फाटकाचं सांगतो, कारण बाकी सगळं त्याच्यामागून आलं. तू शेवटचा आलास तेव्हा पुलाचं काम चालू होतं आणि आपण धूळ खात उभे होतो. आता पूल सुरू आहे. गावातून पिंप्राळ्यात यायचं तर गाडीचा गिअरसुद्धा फारसा बदलावा लागत नाही. रुळांखालच्या बजरंग बोगद्यात पाणी साचलं तरी कोणी घाबरत नाही. ॲम्ब्युलन्स अडकत नाही, परीक्षेची पोरं रडकुंडीला येत नाहीत. पूल हवाच होता, त्यात वाद नाही.

पण फाटक काय होतं ते आठव. भुसावळकडून मालगाडी सुटली की ते पडायचं. ती जाईपर्यंत समोरून दुसरी यायची, आणि गेटमन उघडता उघडता पुन्हा बंद करायचा. माणूस गाडी बंद करून खाली उतरायचा. शेंगदाण्याची पुडी घ्यायचा, चहा मारायचा, केळीवाल्याशी उगाच भाव करायचा. मागे बसलेल्या बाईला समोरच्या टपरीवरच्या बांगड्या दिसायच्या. लग्नं जुळली आहेत भो त्या फाटकावर, उधाऱ्या वसूल झाल्या आहेत. फाटकावरची अर्धी बाजारपेठ रेल्वेच्या वेळापत्रकावर चालायची, आणि हे आपल्यापैकी कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं.

पूल झाला त्या आठवड्यात त्याच दुकानदारांनी पेढे वाटले. महिना-दोन महिन्यांनी त्यांचे चेहरे बघण्यासारखे झाले. गिऱ्हाईक डोक्यावरून जाऊ लागलं. चहावाल्याने पूल जिथे उतरतो तिथे टपरी हलवली, तर तिथे उतारावर गाडीला वेग असतो, थांबतंय कोण? शेवटी तो आत, कॉलनीच्या रस्त्याला गेला. बांगड्यांची टपरी बंदच पडली. त्या मावशींचा मुलगा आता एमआयडीसीत ठिबकच्या नळ्यांच्या कारखान्यात लागलाय. पगार वेळेवर आहे, पण मावशी दुपारभर ओट्यावर बसून असतात.

आता नवीन काय निघालंय ते ऐक. सगळ्यात जास्त अभ्यासिका. गल्लीआड एक. प्लायवूडचे कप्पे, प्रत्येकात दिवा न् प्लग, वायफाय, वर एसी. चोपडा, यावल, जामनेर, पारोळा, कुठकुठली पोरं भरतीची आणि एमपीएससीची तयारी करायला इथे खोल्या घेऊन राहतात. एकीत डोकावलो तर भिंतीवर पाटी : ‘पान उलटताना आवाज करू नये.’ मला हसू आलं, तर आतल्या पोराने असा डोळा वटारला की मी चपला हातात घेऊनच खाली आलो. या पोरांमुळे रात्री अकराला पोहे मिळतात आपल्या पिंप्राळ्यात! आपल्या वेळी नऊनंतर कुत्रंसुद्धा दिसायचं नाही.

एक कॅफे झालाय, तिशीपुढचा माणूस आत गेला की सगळे मोबाइलमधून मान वर काढतात. दोन जिम. विजेच्या स्कूटरचं शोरूम. आणि एक ग्रॅमच्या दागिन्यांची दुकानं, विचारू नको किती! सुवर्णनगरी म्हणवणारं आपलं गाव, पण यंदा एप्रिलात सोनं तोळ्याला लाखावर गेलं आणि लग्नाच्या याद्यांमधून हळूच पाटल्या कमी झाल्या. सराफ बाजारात भाव विचारून यायचं आणि खरेदी इथे करायची, असं चाललंय. मी कोणाला नावं ठेवत नाही. माझ्या पुतणीच्या साखरपुड्यातला राणीहारही तिथलाच होता, आणि फोटोत कोणाला कळत नाही.

गिरणी मात्र आहे तशी आहे. चक्कीचं तयार पीठ दारात येतं, तरी कळणा दळायला बाया येतातच. ज्वारी, अख्खे उडीद, वर मीठ, असं दळण पिशवीतून मिळत नाही. आणि या कळण्यावरूनच तुझ्या घराच्या विषयाकडे येतो.

तुमच्या मागच्या गल्लीतल्या काकू तुला आठवत असतील, लेवा पाटलांच्या, ज्यांच्याकडे आपण बोरं चोरायला जायचो. त्यांनी सून आणि शेजारच्या चौघी मिळून भरीत-पुरीचा धंदा सुरू केलाय. दिवाळीनंतर आसोदा-बामणोदकडची वांगी येऊ लागली की यांची धांदल बघावी. ती पांढरट-हिरवी, वीतभर लांब वांगी. २०१६ मध्ये जळगावच्या भरीत वांग्याला भौगोलिक मानांकन मिळालं ते हेच. वांग्याला सुरीने टोचून तेलाचा हात लावतात आणि कपाशीच्या वाळक्या काड्यांच्या जाळात टाकतात. गॅसवर भाजलेल्याला ती चव नाही, हे तुला सांगायला नको. काकू हातानेच उलटतात, चिमटा घेत नाहीत. साल काळी पडून फुगली, देठापाशी बोट रुतलं की बाहेर. मग साल काढून, हिरवी मिरची आणि लसूण घालून लाकडी भांड्यात ठेचणं. तेलात शेंगदाणे, खोबऱ्याचे काप, कांद्याची पात. आणि शेजारी गरम कळण्याच्या पुऱ्या. हिवाळ्यात शनिवार-रविवारी काकूंच्या दारात ही रांग. लोक गाड्या लावून थांबतात, एकमेकांना विचारतात, ‘काय भो, तू कुठी राहू राहिला आता?’ फाटकानंतर पिंप्राळ्यात लोक असे ताटकळत बोलताना मी तिथेच पाहिले.

उन्हाळ्यात त्याच बाया बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड, करतात. पहाटे ज्वारीचा घाटा शिजतो, ओल्या धोतरावर गच्चीत थापतात. वाळल्या की कापड उलटं करून मागून पाणी मारायचं, म्हणजे सुटतात. यंदा मे महिन्यातच पावसाने झोडपलं. केळीच्या बागा आडव्या झाल्या त्या तू बातम्यांत पाहिल्या असशील, पण गच्चीवरच्या बिबड्या कोणत्या बातमीत येणार? बराच माल बुरशीने गेला. उरलेला रात्रीच्या ट्रॅव्हल्सच्या डिकीतून पुण्याला गेला. तुझ्या वाकडातच त्यांची गिऱ्हाइकं आहेत. वहिनींना विचार, त्यांच्या ग्रुपवर काकूंचा नंबर असेल.

अडचण धुराची. समोरच्या मोकळ्या प्लॉटवर पाच मजली इमारत उभी राहिली. वरच्या फ्लॅटवाल्यांनी तक्रार केली की धूर थेट बेडरूममध्ये येतो. खरं आहे त्यांचंही. नवं घर, तान्हं बाळ, कर्जाचा हप्ता. वांग्याचा धूर कोण सहन करेल? गेल्या हिवाळ्यात भांडणं झाली, मध्ये मीही पडलो आणि दोन्हीकडून ऐकून घेतलं. आता काकूंना जागा हवी आहे. त्यांचा डोळा तुझ्या घराच्या परसावर आहे. तिथे तिन्ही बाजूंना इमारत नाही, मागे नाला, धूर सरळ वर जातो.

दुसरीकडे एक अभ्यासिकावाला मला दोनदा भेटून गेला. भाडं काकूंच्या जवळपास दीडपट देतो म्हणतो, तीन वर्षांचा करार, वर डिपॉझिट. फक्त ओसरीला पार्टिशन घालणार आणि परसातला कडुनिंब तोडणार, पार्किंगसाठी.

दलालाचं म्हणशील तर त्याचा भाव आज बरा वाटतो. पण पूल होऊन अजून बसतंय सगळं. विकायची घाई कशाला? इथला माणूस म्हणून सांगतो, भाड्याने दे. आणि दोघांत मी असतो तर काकूंना दिलं असतं. वहिनी म्हणतील, नानाला काय जातंय, दीडपट त्याच्या खिशातून थोडंच जातंय. बरोबर आहे. पण भाडेकरू असा हवा ज्याच्याकडे चार माणसं येऊन थांबतात. अभ्यासिकेत पोरं खाली मान घालून शिरतात आणि तशीच बाहेर पडतात. वर्षभराने तुझ्या घराला तुझं म्हणून कोणी ओळखणार नाही.

आषाढीचा रथ परवाच्या रविवारी झाला. तू आला नाहीस, राग आहे. विठोबाचा रथ तसाच, रथ वळवायला-थांबवायला चाकाखाली लाकडी मोगऱ्या लावणारी पोरं तशीच चपळ. मोगरी क्षणभर उशिरा पडली तर रथ घरात शिरेल अशा त्या गल्ल्या, आणि पोरं हसत हसत वळवतात. आधी विजेच्या तारांचंच बघावं लागायचं, आता इंटरनेटच्या केबलींचं जाळं. दोघं जण बांबू घेऊन पुढे चालत केबली वर उचलत होते. त्यातली एक सुटली आणि अख्ख्या कॉलनीचं नेट गेलं. संध्याकाळपर्यंत अभ्यासिकांतली पोरंही रथ बघायला रस्त्यावर!

नागपंचमीनंतरच्या रविवारी, ३ ऑगस्टला, आपली खान्देशची देवी कानबाई बसेल. त्या नव्या इमारतीत चार घरं आपल्याकडची आहेत. त्यांनी सोसायटीच्या हॉलमध्ये एकत्र बसवायची ठरवलीय. प्रसादाचे रोट ज्याच्या त्याच्या भाऊबंदकीतच खाल्ले जाणार, त्यात तडजोड नाही. पण सोमवारी विसर्जनाला तक्रार करणारी फ्लॅटवाली बाईसुद्धा फुगडी घालायला येणार म्हणतेय. काकूंनीच तिला बोलावलंय.

घरपट्टी भरली, पावती पाठवतो. मागच्या दाराची कडी गंजलीय, कोणालाही दिलंस तरी आधी ती बदलावी लागेल. सुताराला सांगून ठेवू का? अभ्यासिकावाल्याला मी महिनाअखेरपर्यंत थोपवलंय. त्याआधी वहिनींशी बोलून काय ते कळव.

तुझा,
नाना