‘आमच्यानंतर याचे कोण?’ या प्रश्नाची उकल करून देणाऱ्या ताईंना

आदरणीय ताईंना सादर नमस्कार.

आमच्या मुलाच्या पुढील आयुष्याची कागदपत्रे या महिन्यात पूर्ण झाली, म्हणून हे पत्र. ते सर्वांसमोर लिहिण्यास आपण संमती दिलीत, मात्र नाव घालू नये असे सांगितलेत. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांचे जे आईवडील आमच्यासारखेच उतारवयात पोहोचले आहेत, त्यांना आपण आमच्यासाठी नेमके काय केलेत ते कळावे, अशी माझी फार इच्छा आहे.

आपण पहिल्याच भेटीत आमच्या त्या एका प्रश्नाचे चार प्रश्न केलेत. त्याच्या वतीने सही कोण करणार, पैसा कोण सांभाळणार, तो राहणार कुठे, आणि त्याला खऱ्या अर्थाने ओळखणारे माणूस कोण असणार? ही सगळी उत्तरे एकाच व्यक्तीवर टाकणे हा त्या व्यक्तीवर आणि मुलावरही अन्याय आहे, असे आपण ठामपणे म्हणालात. आमच्या घरात ती व्यक्ती म्हणजे धाकटी मुलगी, हे कोणी न बोलताच ठरून गेले होते. आपण तिच्याशी स्वतंत्रपणे बोललात आणि तिला काय झेपेल ते तिच्याच तोंडून ऐकून घेतलेत. आमच्यानंतर कायदेशीर पालकत्व ती आनंदाने घेणार आहे. भावाची रोजची देखभाल मात्र तिच्या बंगळूरच्या संसारात शक्य नाही, हे ती आमच्यासमोर मोकळेपणाने बोलू शकली, याचे सारे श्रेय आपले.

अठरा वर्षे पूर्ण झाली की कायद्याच्या दृष्टीने मूल सज्ञान होते आणि आईवडिलांचे नैसर्गिक पालकत्व संपते, ही गोष्ट कित्येक घरांना बँकेच्या खिडकीपाशीच प्रथम कळते. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी राष्ट्रीय न्यास कायदा, 1999 आहे, त्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समिती पालक नेमते, आणि तिथे नातेवाईक किंवा नोंदणीकृत संस्थाही अर्ज करू शकते, हे आपण समजावून दिलेत. नेमलेल्या पालकाने सहा महिन्यांत मालमत्तेची यादी आणि पुढे दरवर्षी हिशेब द्यायचा असतो, आणि त्याने हेळसांड केली किंवा पैशांचा अपहार केला तर त्याला दूरही करता येते, हे ऐकून यजमानांच्या मनावरचे ओझे उतरलेले मी पाहिले.

पैशांबाबत आपला आग्रह एकच होता: सांभाळणारा आणि हिशेब तपासणारा वेगळा असावा. त्यानुसार भारतीय न्यास अधिनियम, 1882 प्रमाणे खासगी न्यास (ट्रस्ट) झाला आणि मृत्युपत्रात मुलाचा वाटा त्याच्या नावे न ठेवता त्या न्यासाकडे दिला. यजमान केंद्र सरकारी सेवेतून निवृत्त झालेले. स्वतः कमावू न शकणाऱ्या दिव्यांग अपत्याला कुटुंब निवृत्तिवेतन आयुष्यभर मिळू शकते आणि त्याचे नाव आम्ही हयात असतानाच नोंदवून ठेवता येते, हेही आपणच सांगितलेत.

सर्वांत जड गेला तो राहण्याचा प्रश्न. मुळशीतील कोळवणचे साधना व्हिलेज आणि मारुंजीचे नवक्षितिज या अशा व्यक्तींसाठीच्या निवासी संस्था आम्ही पाहून याव्यात, असे आपण सुचवलेत आणि काय पाहायचे तेही शिकवलेत. इमारतीपेक्षा रात्री कोण जागे असते ते विचारा. कोणी आजारी पडले तर काय करतात, दिवसभर हातांना काम असते का, न कळवता आलेल्या नातेवाइकाला आत घेतात का, ते विचारा. आईवडील गेले त्याच आठवड्यात घरही सुटले, तर या मुलांना दोन्ही दुःखे एकदमच सोसावी लागतात, आणि पहिले दुःख तर त्यांना नीट सांगताही येत नाही. म्हणून आम्ही धडधाकट असतानाच त्याला थोडे थोडे दिवस बाहेर राहू द्यावे, हा आपला सल्ला आईच्या मनाला सोसवणारा नव्हता. तरीही माझ्या मते आपण दिलेल्या सर्व सल्ल्यांत तोच सर्वांत मोलाचा होता. अशा संस्था मोजक्या आहेत आणि गरजू घरे पुष्कळ, ही खंत मात्र मनातून जात नाही.

आपण लिहायला लावलेली वहीसुद्धा तयार झाली. दात दुखला तर तो सांगत नाही, जेवण सोडतो. फिट येण्यापूर्वी डावा हात चोळत राहतो. गर्दीत घाबरला की त्याला धरू नये, नुसते शेजारी उभे राहावे. हे आजवर माझ्याखेरीज कोणालाच ठाऊक नव्हते. त्या वहीच्या प्रती आता मुलीकडे, विश्वस्तांकडे आणि त्याच्या डॉक्टरांकडे आहेत.

ताई, आपले ऋण मोठे आहे आणि ते आम्ही मनापासून मानतो. दिवाळीत मुलगी येणार आहे, तेव्हा विश्वस्तांची पहिली बैठक आमच्या घरी ठेवली आहे. आपण अवश्य यावे.

आपली नम्र,
एक आई
सहकारनगर, पुणे