जुळ्यांची खाती वेगवेगळी ठेवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या आरोग्य पुरवणीत काही महिन्यांपूर्वी बाळाच्या पहिल्या वर्षाचा तक्ता छापून आला होता. तिसऱ्या महिन्यात मान धरते, सहाव्यात बसते, आठव्यात रांगते, वर्षाला पाऊल टाकते. शेजारी एका गुटगुटीत बाळाचं चित्र. माझ्या मुलीने तो कापून कपाटाच्या दाराला आतल्या बाजूने चिकटवला. आतल्या बाजूने, कारण येणाऱ्याजाणाऱ्याच्या नजरेला पडायला नको. हे पत्र त्या तक्त्याबद्दल आहे. तक्रार समजा किंवा दुरुस्ती समजा.

मी बँकेत 32 वर्षं रोखपाल होतो. निवृत्त झालो आणि आता दोन नातवंडांचा हिशेब माझ्याकडे आहे. जुळी आहेत. एक मुलगी आणि तिच्यामागून 11 मिनिटांनी आलेला मुलगा, म्हणून घरात ती थोरली आणि तो धाकटा. 33 आठवडे झाले नि दोघं आली. थोरली 1,940 ग्रॅमची, धाकटा 1,620. अतिदक्षता विभागातून थोरली नवव्या दिवशी बाहेर आली, धाकटा सतराव्या. आज दोघं 14 महिन्यांची आहेत.

तक्ता चिकटवला तेव्हा त्यांना नुकते सहा महिने झाले होते आणि सहाव्या महिन्यापुढे 'आधाराशिवाय बसते' असं स्वच्छ छापलेलं होतं. थोरलीला बसवलं की ती कमरेत घडी पडल्यासारखी पुढे वाकायची. धाकटा थेट बाजूला कलंडायचा. मुलगी रोज संध्याकाळी दोघांना बसवून बघायची. एका पहाटे तीनच्या दुधाला मी उठलो तर ही बाई कपाटाचं दार उघडून, मोबाइलच्या उजेडात तक्ता वाचत उभी. "बाबा, यांचं काही राहून गेलंय का हो?" मला उत्तर देता आलं नाही. मीही तोच तक्ता वाचून बसलो होतो.

बालरोगतज्ज्ञ बाईंनी चिठ्ठीच्या पाठीमागे एवढंच लिहिलं : 40 – 33 = 7. पूर्ण दिवस म्हणजे 40 आठवडे, ही आली 33व्या आठवड्यात, म्हणजे सात आठवडे लवकर. तेव्हा वाढ बघताना वयातून सात आठवडे वजा करायचे. सहा महिन्यांची बाळं प्रत्यक्षात साडेचार महिन्यांच्या आतबाहेरची निघाली, आणि साडेचार महिन्यांच्या बाळाने बसावं अशी कोणाचीच अपेक्षा नसते. डॉक्टर याला करेक्टेड एज म्हणतात आणि साधारण दोन वर्षांचं होईपर्यंत असंच मोजतात. आयुष्यभर वजाबाक्या केल्या, पण ही मला सुचली नव्हती.

आता आपल्या तक्त्याची अडचण बघा. जुळ्यांपैकी निम्म्याहून जास्त बाळं 37 आठवड्यांच्या आत जन्मतात. जगात जन्मणाऱ्या दर 42 मुलांत एक जुळ्यांपैकी असतं. म्हणजे ही काही दुर्मिळ घरं नाहीत. अशा निम्म्याहून जास्त घरांत आपला तक्ता पहिल्या ओळीपासून चुकीचा लागू होतो, आणि तो चुकतोय हे सांगणारी एकही ओळ त्यावर नव्हती.

नवीन विद्या मिळाली की माणूस ती सगळीकडे वापरतो. मी नवव्या महिन्याच्या लशीची तारीखही सात आठवडे पुढे नेऊन वहीत लिहून टाकली. लस टोचणाऱ्या सिस्टरांनी ती बघितली आणि म्हणाल्या, "आजोबा, गोवर काय तुमची वजाबाकी बघून येणार आहे का?" लशी जन्मतारखेप्रमाणेच द्यायच्या असतात, बाळ कितीही लवकर आलेलं असो. आमच्या दोघांच्या सहाव्या आठवड्याच्या लशी झाल्या तेव्हा त्यांची जन्माला यायची मूळ तारीखसुद्धा उजाडलेली नव्हती. डोळ्यांच्या पडद्याची तपासणीही तशीच. अपुऱ्या दिवसांच्या बाळांचे डोळे वरून छान टपोरे दिसतात, आतल्या रक्तवाहिन्यांचं काय चाललंय ते तपासल्याशिवाय कळत नाही. ती तपासणी पहिल्या काही आठवड्यांतच व्हावी लागते, 'जरा मोठी होऊ देत' म्हणून चालत नाही. कानांचंही तेच. पहिल्या महिन्यात चाचणी, दोष असेल तर तीन महिन्यांच्या आत निदान, सहा महिन्यांच्या आत उपचार सुरू. धाकट्याचा एक कान पहिल्या चाचणीत नापास झाला आणि पुढच्या चाचणीत पास झाला. मधले बारा दिवस मी त्याच्या पाळण्याशेजारी चमचा वाटीवर वाजवत बसत होतो. त्याने काही सिद्ध होत नाही, हे मला सांगितलेलं होतं. तरी वाजवत होतो.

वहीचा उल्लेख आला आहे, तर तिच्याबद्दल सांगतो. डावं पान थोरलीचं, उजवं धाकट्याचं. दूध कधी, ओले लंगोट किती, औषध कोणी दिलं. सुरुवातीला घरातले हसायचे. मग एके रात्री ड जीवनसत्त्वाचे थेंब आमच्या सौ.ने थोरलीला दिले, अर्ध्या तासाने अंधारात मीही थोरलीलाच दिले, आणि धाकटा कोरडा राहिला. डॉक्टर म्हणाल्या, या थेंबांचं एका दिवसाचं काही नाही. पण औषध दुसरं असतं तर मी इतक्या शांतपणे बोलले नसते. तेव्हापासून वहीत खूण झाल्याशिवाय बाटलीचं झाकण उघडायचं नाही आणि देणाऱ्यानेच खूण करायची, असा नियम आहे. जावईबापू तो कधीकधी मोडतात.

पण वहीचा खरा उपयोग झाला तो 14व्या आठवड्यात. एका ठिकाणी (नाव लिहीत नाही, गर्दी होती, माणसं दमलेली होती) दोघांची वजनं झाली आणि आम्ही कार्डं घेऊन घरी आलो. थोरलीच्या कार्डावर 4,120. आधीच्या खेपेला 3,950. चार आठवड्यांत जेमतेम 170 ग्रॅम. या वयात रोजचे 20 ते 30 ग्रॅम वाढायला हवेत, हे आम्हाला तोवर पाठ झालं होतं. दूध कमी पडतंय, वरचं सुरू करा, रक्त तपासून घ्या, असा सल्लाही कार्डासोबत मिळाला होता. मुलगी दूध कमी पडतंय म्हणून रडायला लागली. दोन बाळांना दिवसाला प्रत्येकी आठ-दहा वेळा पाजणाऱ्या बाईला हे ऐकवणं म्हणजे काय, ते ऐकवणाऱ्याला कळलं असेल असं वाटत नाही.

मी धाकट्याचं कार्ड उघडलं. 4,800. आधी 3,300. दीड किलो वाढ! दोन्ही आकड्यांची बेरीज केली : 8,920. मागच्या खेपेची बेरीज 7,250. दोघांत मिळून 1,670 ग्रॅम, 28 दिवसांत. म्हणजे माणशी रोजचे 30 ग्रॅम, उत्तम. काउंटरवर असे प्रसंग बरेच बघितलेत. रोकड जुळते, खाती चुकलेली असतात. थोरलीचं वजन धाकट्याच्या नावावर पडलं होतं. आडनाव एक, जन्मतारीख एक, कार्डांचा रंगही एक, दुसरं काय होणार? दुसऱ्या दिवशी परत वजन करून घेतलं आणि दोन्ही कार्डांवर खाडाखोड करून घेतली. पण रात्रभर घर जागं होतं. म्हणून जुळ्यांच्या पालकांना माझी विनंती आहे, वजनकाट्यावरचा आकडा काट्याजवळ उभं राहूनच टिपून घ्या. कार्डावर मोठ्या अक्षरात 1 आणि 2 घाला.

वजनाच्या आलेखाचीही एक गंमत आहे. डॉक्टर ज्या रेषांवर ठिपके देतात त्या जागतिक आरोग्य संघटनेने 2006 साली प्रसिद्ध केल्या. सहा देशांतल्या सुमारे 8,500 मुलांवरून त्या काढल्या, आणि आपला देश त्यात होता. पण ती मुलं पूर्ण दिवसांची आणि एकेकटी जन्मलेली घेतली होती. जुळ्यांना त्या मोजणीत प्रवेशच नव्हता. शिवाय मुलींचा आलेख वेगळा, मुलांचा वेगळा. सहा महिन्यांच्या मुलीचं मधलं वजन 7.3 किलो, तर मुलाचं 7.9. आमच्यासारख्या घरात दोन्ही ठिपके एकाच कागदावर देणं म्हणजे घोळाला आमंत्रण. मी विचारलं, मग या रेषांचा आम्हाला उपयोग काय? बाई म्हणाल्या, ठिपका कुठे आहे ते कमी बघा, रेघ कुठे चाललीय ते बघा. धाकट्याचा ठिपका पहिल्यापासून खालच्या रेषेजवळ आहे, पण रेघ चढती आहे. ती आडवी झाली असती तर गोष्ट वेगळी.

हे सगळं कळूनही माणसं ठिपक्यांकडेच बघतात. घरात जुळी असली की येणारा प्रत्येक पाहुणा पंच होतो. "यातलं हुशार कोण?" चपला काढायच्या आत प्रश्न! थोरली आठव्या महिन्यात बसली, धाकटा साडेनवव्या. थोरली रांगलीच नाही. बुडावर सरकत सरकत तिने सगळं घर पालथं घातलं आणि एके दिवशी उभी राहिली. हातांगुडघ्यांवर न रांगणारी मुलं शंभरात चारेक असतात, हे मला नंतर कळलं. तक्त्यात 'रांगते'च्या पुढे खूण करायची जागा तशीच रिकामी राहिली. धाकटा अकराव्या महिन्यात असा काही रांगायला लागला, की त्याच्यामागे धावताना माझा गुडघा दुखावला. थोरली साडेतेराव्या महिन्यात चालली. धाकटा अजून स्टूल धरून उभा राहतो. त्याच जागतिक संघटनेच्या पाहणीत आधाराशिवाय बसण्याचा काळ 3.8 ते 9.2 महिने आणि एकट्याने चालण्याचा 8.2 ते 17.6 महिने असा दिलेला आहे. धाकट्याचं वजाबाकी केलेलं वय आत्ता साडेबारा महिन्यांच्या आत आहे. त्याची मुदत संपलेली नाही.

याचा अर्थ काळजी कसलीच करायची नाही, असा नाही. बाईंनी आम्हाला काय बघायचं ते सांगून ठेवलं आहे : शिकलेली गोष्ट बाळ विसरायला लागलं, वर्षाच्या आतच एकच हात वापरून दुसरा तसाच ठेवू लागलं, आवाजाकडे वळेना, नजरेला नजर देईना, तर पुढच्या तारखेची वाट न बघता या. 'बहिणीच्या मागे आहे' हे त्या यादीत नव्हतं.

आणखी एक गोष्ट, जी मला कोणी सांगितली नाही, माझी मलाच ऐकू आली. जुळी मुलं बोलायला थोडी उशिरा लागतात असं म्हणतात. का, ते एके दुपारी कळलं. "चला रे, उठा रे, काय करताय रे?" घरातला प्रत्येक जण दोघांशी मिळून बोलत होता. थोरलीकडे बघून कोणी काही विचारतंय आणि ती काय करते याची वाट बघतंय, असं दिवसात घडतच नव्हतं. आमच्या घरातून एकवचनच गेलं होतं! तेव्हापासून सकाळी 10 मिनिटं एकाला घेऊन मी गॅलरीत बसतो, नंतर 10 मिनिटं दुसऱ्याला. कावळा दिसला की 'कावळा' म्हणायचं आणि गप्प बसायचं. गप्प बसणं मला जड जातं. थोरली बोट दाखवते. धाकटा कावळ्याकडे न बघता माझ्या चष्म्याकडे बघतो आणि 'का' म्हणतो. तो 'का' कावळ्याचा, की नुसताच, यावर घरात मतभेद आहेत.

तर मागणी अशी. हा तक्ता पुढच्या वेळी छापाल, आणि तो दरवर्षी छापलाच जातो, तेव्हा एकेका महिन्याऐवजी 'अमुक ते अमुक महिने' असा काळ द्या. खाली ठळक अक्षरात लिहा : बाळ जितके आठवडे लवकर आलं असेल तितके वयातून वजा करून हा तक्ता वाचावा, लशींच्या तारखा मात्र जन्मतारखेप्रमाणेच. दोन ओळींचीच जागा लागेल. गुटगुटीत बाळाचं चित्र थोडं लहान केलंत तरी पुरे. आमच्या कपाटावरच्या तक्त्यावर मी त्या लाल शाईने लिहिल्या आहेत.

आपला,
एका जुळ्या जोडीचा आजोबा

ता. क. : पाकिटात घालण्याआधी हे पत्र मुलीने वाचलं. तिचं म्हणणं, मी धाकट्याबद्दलच जास्त लिहिलं आहे. मोजून बघितलं, बरोबर आहे. तेव्हा डाव्या पानावरची नोंद राहायला नको : थोरलीला सहा दात आले आहेत, आणि कपाटाचं ते दार ती आता स्वतः उघडते. तक्त्याचा खालचा कोपरा तिने कालच फाडला.