फोनवर ‘हो’ म्हणालो ते

प्रिय आई,
सप्रेम सलाम.

गेल्या रविवारी तू विचारलंस, “प्रार्थना चालू आहे ना रे?” आणि मी “हो हो” करून विषय बदलला. ते अर्धंच खरं होतं. गुडघे टेकतो, डोळे मिटतो, प्रभूची प्रार्थना ओठांवरून घरंगळून जाते आणि आत काही हलत नाही. सहा महिने तरी झाले असतील. बायबलमधली फीत कित्येक आठवडे एकाच पानावर होती. काही पाप लपवतोय असं नाही, विश्वास सोडलाय असंही नाही. नुसतं कोरडं. फोनवर हे सांगायला जीभ रेटत नाही, म्हणून पत्र.

इथल्या मंडळीत एकाजवळ बोललो. “विश्वास कमी पडतोय, उपास कर,” म्हणाला. मनाचा चांगला आहे, पण त्या रात्री मला जास्तच एकटं वाटलं. मग बायबलमधली एलीया संदेष्ट्याची गोष्ट काढली, पहिले राजे, अध्याय १९. कर्मेल डोंगरावर एवढा विजय मिळवलेला हा गडी रानात झुडपाखाली पडून मरण मागतोय. देव त्याला उपदेश करत बसत नाही, झोपू देतो. दूत उठवून भाकर-पाणी देतो, तो परत झोपतो, परत त्याला उठवून खाऊ घालतो. देवाच्या डोंगरापर्यंतची, होरेबपर्यंतची ४० दिवसांची वाट त्यानंतरची. मी रात्रपाळी करून येऊन, डुलक्या खात प्रार्थनेला बसत होतो, हे तेव्हा कुठे डोक्यात शिरलं. आता आधी झोपतो.

झोप भरून निघाली, कोरड मात्र पुरती गेली नाही. मदर तेरेसा १९९७ मध्ये गेल्या. त्यांची खासगी पत्रं २००७ मध्ये छापून आली. जवळजवळ ५० वर्षं त्यांना देव जवळ असल्याचं जाणवत नव्हतं, तरी ना प्रार्थना सोडली ना काम. पुष्कळांना ते वाचून धक्का बसला. मला हायसं वाटलं. (हसू नकोस, त्यांच्या पंगतीला बसायला निघालो नाहीये.)

माझे शब्द आटलेत, म्हणून उसने घेतो. बायबलमधलं रोज एक स्तोत्र मोठ्याने वाचतो, मन लागो न लागो. परवा ८८वं आलं. बहुतेक विलापस्तोत्रं शेवटी कुठेतरी स्तुतीकडे वळतात. हे वळतच नाही, अंधारावर येऊन थांबतं. पण पहिली हाक तारणाऱ्या देवालाच आहे. भांडायला का होईना, स्तोत्र लिहिणारा बिचारा त्याच्याच दारात उभा आहे.

आणि त्याच पानाच्या समासात पेन्सिलीने एक तारीख आहे, तुझ्या अक्षरात. निघताना तू तुझंच बायबल माझ्या बॅगेत घातलं होतंस ना, ते हे. बाकी पानांवर तू ओळी अधोरेखित केल्यात, कुठे “आमेन” लिहिलंयस. इथे काही नाही. फक्त १४ जून १९९६, तीही दोनदा गिरवलेली.

मी तेव्हा दोन-अडीच वर्षांचा असेन. काय झालं होतं गं त्या वर्षी? फोनवर नको सांगूस, लिहून कळव.

तुझा,
धाकटा