आवाहन : कर्णबधिर विद्यालयाची गाडी आणि श्रवणयंत्राच्या बॅटऱ्यांसाठी

सप्रेम नमस्कार.

आपल्या तालुक्यातल्या शासकीय कर्णबधिर विद्यालयाची आम्ही पालक समिती. यंदा जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा पहिलीचं एक बाकही पुरतं भरलं नाही. काहींना वाटलं, अशी मुलंच आता कमी झाली असतील. तसं नाही. खाडीपलीकडच्या वाड्यांत घरोघर फिरलो तेव्हा ती भेटली. कुणी आजीबरोबर काजू सोलत होतं, कुणी जेटीवर जाळ्याचा गुंता सोडवत होतं. ‘मुका आहे तो, शाळेत जाऊन काय करणार?’ असं घरचेच म्हणाले, आणि म्हणताना आईचे डोळे भरून आले.

मूल मुकं नसतं. त्याचा गळा, त्याची जीभ धड असते. ऐकू येत नाही म्हणून बोलणं फुटत नाही.

निकालाबद्दल गावात बोललं जातं, म्हणून त्याबद्दल मोकळेपणाने सांगतो. चौथीची मुलं दुसरीचं पुस्तक अडखळत वाचतात, हे खरं आहे. पण ऐकणारं मूल पहिलीत येतं ते घरातली सगळी भाषा कानात साठवून. आमचं मूल आठव्या-नवव्या वर्षी येतं तेव्हा आपल्याला एक नाव आहे हेही त्याला ठाऊक नसतं. रोज मासे खातं, पण बांगडा वेगळा आणि पेडवा वेगळा, त्यांना नावं असतात, हे त्याच्यापर्यंत पोचलेलंच नसतं. ती भाषा भरून काढण्यात बाईंची दोन-तीन वर्षं जातात. गणितात बघा. 12 मधून 5 वजा करायला सांगा, चटकन करतात. पण ‘राजूकडे 12 आंबे होते, त्यातले 5 त्याने बहिणीला दिले’ असं लिहिलं की थांबतात. वजाबाकी येते, ‘त्यातले’ कळत नाही. हा बुद्धीचा दोष नाही, उशिरा आल्याचा आहे. जी मुलं लहानपणी आली आणि रोज आली, ती आज धडा वाचून स्वतः उत्तर लिहितात. आमच्या घरातच आम्ही हे पाहतो आहोत.

म्हणून दोन गोष्टींसाठी आपल्यापुढे हात पसरतो आहोत.

पहिली, गाडी. एसटी मोठ्या रस्त्यावर थांबते. दिव्यांगांना तिकिटात 75 टक्के सवलत आहे, पण वाडीपासून थांब्यापर्यंतची वाट पायीच. मागून येणाऱ्या डंपरचा हॉर्न ज्याला ऐकू येत नाही, त्या सहा वर्षांच्या पोराला कोणती आई एकटं सोडेल? जेटीपासून शाळेपर्यंत रोज एक गाडी आणि तिच्यात मुलांना सांभाळणारी एक मावशी हवी आहे.

दुसरी, यंत्रं चालू ठेवणं. श्रवणयंत्र शिबिरात मोफत मिळतं. त्याची छोटी बॅटरी मात्र आठवडा-दोन आठवड्यांत संपते, आणि त्या दिवसापासून मूल वर्गात नुसतं बसून राहतं. आपल्याकडची खारी, दमट हवा यंत्राला सोसत नाही. पावसाळ्यात ओल शिरून ते बंद पडेल म्हणून आया ते कपाटात ठेवून देतात, म्हणजे चार महिने शिकणं थांबतं. रात्री ओलावा शोषणाऱ्या डबीत ठेवलं तर ते टिकतं. शिवाय मूल वाढतं तसा कान वाढतो, यंत्र कानात घट्ट बसवणारा साचा सैल होतो, यंत्र शिट्टी मारू लागतं आणि पोर ते काढून फेकतं. साचा वरचेवर नवा करावा लागतो.

शाळा सरकारी, मग वर्गणी कशाला, असं विचारलं जातं. इमारत आणि शिक्षकांचे पगार सरकारचे आहेत. गाडी, बॅटऱ्या, साचे यांना मात्र शाळेकडे पैसा नाही. सरपंचांना विनंती, की ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नातला 5 टक्के निधी दिव्यांगांसाठी असतो. त्यातला काही भाग गाडीसाठी ठराव करून द्यावा.

मुंबईकरांना पैशाखेरीज आणखी एक सांगणं आहे. गणपतीला गावी याल तेव्हा आरतीत झांजा आणि टाळ वाजत असताना जे लहान मूल मान वळवून बघत नाही, त्याच्याकडे लक्ष द्या. पाच वर्षांच्या आत कान तपासला तर पुढचे उपाय पुष्कळ आहेत. दिव्यांगांना साधनं देणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेतून कॉक्लिअर इम्प्लांटलाही, म्हणजे शस्त्रक्रियेने कानात बसवायच्या यंत्रालाही, मदत होते. दिव्यांग हक्क कायदा 2016 प्रमाणे 6 ते 18 वयापर्यंत मोफत शिक्षण हा अशा मुलाचा हक्क आहे, कुणाचे उपकार नाहीत.

आणि घरच्यांनी खुणांची लाज धरू नये. भारतीय सांकेतिक भाषेच्या शब्दकोशात आता 10,000 हून जास्त शब्द आहेत. खुणा शिकल्याने बोलणं मागे पडतं, ही भीती आम्हालाही होती. आता नाही. जेवताना आईशी बोलता येणं मुलासाठी फार मोठं असतं.

देणगी शाळेच्या कार्यालयात, शाळेच्या वेळेत द्यावी आणि पावती घेतल्याशिवाय जाऊ नये. खर्चाचा हिशेब दर महिन्याला फलकावर लावू. दिवाळीच्या सुट्टीनंतर गाडी सुरू करायची आहे.

वर्गणी जमणार नसेल, तर घरी राहिलेली अशी मुलं शोधायला शनिवारी आमच्याबरोबर चालायला या. वाड्यांवरच्या पायवाटा आणि ती घरं तुम्हाला ठाऊक आहेत.

– पालक समिती