रविवारच्या वाचनात आमच्या पैशाचं पण काहीतरी सुचवा

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार,

तुमच्या रविवार पुरवणीत सुट्टीत काय वाचावं ते सुचवणारं सदर येतं ते आमच्या घरी सगळ्यात आधी वाचतात. अप्पा, म्हणजे माझे वडील, एसटीतून रिटायर झालेत, ते तर चहा गार झाला तरी ते पान सोडत नाहीत. पण गेले काही महिने बघतेय, पैसा आणि टेक्नॉलॉजी म्हटलं की परदेशातल्या कंपन्यांच्या मालकांवरची इंग्रजी पुस्तकं, सहाशे-सातशे रुपयांची, आमच्या तालुक्याच्या वाचनालयात ती कधी यायची? आणि आपल्याबद्दलच लिहिलेलं, फुकट वाचायला मिळणारं इतकं काही आहे त्याचं नाव पण येत नाही, म्हणून हे पत्र.

सप्टेंबर २०२४ मध्ये सेबीने, म्हणजे शेअर बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, एफ अँड ओ वर एक अभ्यास काढला. एफ अँड ओ म्हणजे फ्युचर्स आणि ऑप्शन्स, शेअरचा भाव पुढे चढेल की पडेल यावर केलेले सौदे. तीन वर्षांत, म्हणजे २०२१-२२ ते २०२३-२४, एक कोटीहून जास्त साध्या लोकांनी हे ट्रेडिंग केलं आणि त्यातल्या ९३ टक्के लोकांचा तोटा झाला, खर्च धरून माणशी साधारण २ लाख, आणि एकूण तोटा १.८ लाख कोटींच्या वर. मला सगळ्यात लागलं ते पुढचं, की यातल्या पाऊणहून जास्त लोकांचं जाहीर उत्पन्न वर्षाला ५ लाखांच्या आत, आणि यात तिशीच्या आतल्या पोरांचं प्रमाण एका वर्षात ३१ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेलं. माझा भाचा त्यातलाच, पुण्यात नोकरी, पगार बावीस हजार, कुठल्यातरी टेलिग्राम ग्रुपवरच्या टिप्स बघून ऑप्शन घ्यायचा आणि घरात कुणालाच माहीत नाही. मी ती पानं झेरॉक्सवाल्याकडून प्रिंट काढून आणली, ९३ च्या आकड्याखाली पेन्सिलने रेघ मारली आणि तो गावाला आला तेव्हा त्याच्या पुढ्यात ठेवली. काहीच बोलला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतःहून ताईला सांगितलं, एक लाख चाळीस हजार गेलेत म्हणून. हे त्याने वर्षभर आधी वाचलं असतं तर, असं मला राहून राहून वाटतं.

दुसरं म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या लोकपाल ऑफिसने, म्हणजे बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या ऑफिसने, काढलेली राजू आणि चाळीस चोरांची पुस्तिका. चाळीस प्रकारची फसवणूक, चित्रं काढून गोष्टीसारखी सांगितलीय, पोरं पण आवडीने बघतात. अप्पांना मी ती मोबाईलवर वाचून दाखवली होती, तेव्हा पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, पिन लागतो तो द्यायलाच, हे त्यांच्याकडून दोनदा म्हणवून घेतलं. पुढच्याच आठवड्यात जुनं लोखंडी कपाट विकायला ऑनलाईन टाकलं तर फोन आला, मी मिलिटरीत आहे, क्यूआर पाठवतो, स्कॅन करा पैसे येतील. अप्पांनी स्कॅन केलं, पिन मागितला तिथे बोट थांबलं, फोन कट केला आणि मला हाक मारली. आणि कुणाचे पैसे गेलेच तर लगेच १९३० ला, म्हणजे ऑनलाईन फसवणुकीच्या तक्रारीच्या सरकारी नंबरला, फोन करायचा असतो, हे तुमच्या पानावर दर आठवड्याला एका चौकटीत छापलं तरी किती जणांचे वाचतील!

जड वाचणाऱ्यांसाठी सुप्रीम कोर्टाचा २४ ऑगस्ट २०१७ चा पुट्टस्वामी खटल्याचा निकाल आहे, नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं की खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे. ५०० हून जास्त पानं आहेत, ती सगळी कोण वाचणार, पण त्यातली महत्त्वाची दोन पानं कुणा जाणकाराकडून सोप्या मराठीत करून घ्या ना, लोन ॲप आपले कॉन्टॅक्ट आणि फोटो मागतात तेव्हा नाही म्हणायचं बळ येईल.

पुस्तकं सुचवू नका असं माझं अजिबात म्हणणं नाही, ती पण द्या, फक्त सोबत असं एक काहीतरी, कुठे मिळेल आणि त्यात काय आहे ते चार ओळींत. अप्पा कात्रण वाचनालयाच्या बोर्डावर लावायला तयार आहेत, टाचण्यांची डबी कालच आणून ठेवलीय.

आपली नियमित वाचक,
विटा, जि. सांगली